चारी, दार आणि टेल: लाभक्षेत्राचा डिजिटल नकाशा भरवशाचा कसा करायचा

जानेवारीतलं उपग्रहाचं चित्र उघडलं की भीमेच्या दोन्ही अंगांना हिरवा पट्टा दिसतो. माढा, पंढरपूर, मोहोळ, खाली मंगळवेढा. नवखा माणूस लगेच म्हणतो, हे उजनी धरणाच्या पाण्यावर भिजलेलं क्षेत्र. खरं तर त्यातला काही ऊस कालव्यावरचा असतो, काही नदीवरून उपसा करून आणलेल्या पाण्यावरचा, काही विहीर-बोअरचा. काळ्या खोल जमिनीतली रब्बी ज्वारी तर परतीच्या पावसाच्या ओलीवरच उभी असते. चित्रात हे सगळं एकाच रंगात येतं.

पाणी वापर संस्थेत नुकतेच काम करू लागलेल्या तरुणांसाठी हा लेख आहे. ज्यांना संगणकावर नकाशे करता येतात पण चारीच्या, म्हणजे रानापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, कडेने कधी चालणं झालं नाही, त्यांच्यासाठीही आहे. सिंचनाचा नकाशा भरवशाचा आहे का, हे तपासायला मी एकच प्रश्न विचारतो: कोणत्याही गटावर बोट ठेवलं तर त्या रानाला पाणी कोणत्या दारातून (कालव्यातून चारीत पाणी सोडायच्या तोंडातून) येतं, आणि हे शेवटचं कुणी, कधी पाहिलं, ते नकाशा सांगतो का? सांगत नसेल तर रेषा कितीही सुबक असल्या तरी पाळी, म्हणजे कुणाला कधी पाणी हा क्रम, लावताना त्याचा उपयोग शून्य.

पायरी १: एकच लघुवितरिका घ्या

पूर्ण उजवा किंवा डावा कालवा हातात घेऊ नका. एक फाटा (मुख्य कालव्याची शाखा), त्यावरची एक लघुवितरिका (फाट्यावरून निघणारा छोटा कालवा), तिच्यावरची सगळी दारं आणि त्यांखालची रानं, एवढंच पहिल्या हंगामाला पुरतं.

आधी कागद जमवा. संस्थेच्या दप्तरात हस्तांतरणाच्या वेळचा नकाशा असतो, संयुक्त पाहणीची नोंद असते, शेजपाळीची, म्हणजे ठरलेल्या पाणी-पाळ्यांची, पत्रकं असतात. पाणी मागणीचे नमुना नंबर ७ चे अर्ज बघा, कारण त्यात शेतकऱ्याने स्वतः गट, पीक आणि क्षेत्र लिहिलेलं असतं. गावनकाशा महाभूनकाशावरून मिळतो. सातबाऱ्यातल्या गाव नमुना १२ मध्ये जलसिंचित क्षेत्र आणि सिंचनाचं साधन यांचे रकाने असतात. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी हीच माहिती मोबाइलवरून भरतात.

यातला कुठलाच कागद एकटा खरा मानू नका. आराखड्यात दाखवलेली चारी कधी खोदलीच गेली नसेल, किंवा खोदली आणि दोन भावांच्या वाटणीत बुजवली गेली असेल. मागणी अर्जात क्षेत्र कमी लिहिण्याकडे कल असतो, कारण पाणीपट्टी त्यावर लागते. पीक पाहणीत ‘विहीर’ लिहिलेलं असतं आणि ती विहीर भरते कालव्याच्या पाझरावर. हे कागद एकमेकांशी कुठे जुळत नाहीत तेवढं खूण करून ठेवा. रानात आधी तिथेच जायचं आहे.

सोलापुरात ही माहिती एवढ्या बारकाईने का लागते, तर २००५ च्या कायद्याने, म्हणजे महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने, संस्थेला पाणी मोजून द्यायचं ठरलं. संचालक मंडळात शीर्ष (हेड, कालव्याच्या सुरुवातीचा भाग), मध्य आणि पुच्छ (टेल, शेवटचा भाग) या तिन्ही भागांचे लोक समान संख्येने घ्यायचे, हेही त्यातच आहे. कुठला गट मध्यात आणि कुठला टेलला, हे नकाशात चुकलं तर निवडणुकीपासूनच गडबड सुरू होते.

पायरी २: संगणकाची जुळणी

हे एकदाच करायचं, पण नीट करायचं. मोबाइल अक्षांश-रेखांश अंशांत देतो. सोलापूर जिल्हा साधारण १७.१ ते १८.६ उत्तर आणि ७४.६ ते ७६.३ पूर्व यात बसतो. एखादा बिंदू या चौकटीबाहेर गेला तर बहुतेक वेळा दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. तसं झालं की मोहोळचं दार थेट आर्क्टिक समुद्रात, स्वालबार्डच्या दक्षिणेला जाऊन बसतं. ही चूक निदान दिसते तरी. दशांश चिन्हापुढचे अंक कापले जातात ती चूक दिसत नाही. चार अंक ठेवले तर बिंदू सुमारे ११ मीटरपर्यंत निश्चित होतो, पाच ठेवले तर सुमारे १ मीटरपर्यंत. म्हणून पाच ठेवा.

लांबी आणि क्षेत्रफळ मोजताना नकाशा यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी पद्धत) विभाग ४३ उत्तरमध्ये आणा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाने सापडतो. या विभागाची मध्यरेषा ७५ अंश पूर्व. ती अकलूजजवळून जाते, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात हेक्टरी चूक १० चौरस मीटरच्या आत राहते. तेवढी कुणाच्याच बांधाला लागत नाही.

तक्ता एक्सेलमध्ये भरणार असाल तर गट क्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर गट १२/३ ची एक्सेल परस्पर तारीख करून टाकतो आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही. गावांची नावंही नुसती लिहू नका, सोबत शासनाचा गावाचा कोड टाका. ‘वाडी’, ‘पिंपरी’, ‘वडगाव’ अशी नावं या जिल्ह्यात एकापेक्षा जास्त गावांना आहेत.

पायरी ३: टेलकडून चालत या

पाहणी नेहमी हेडकडून सुरू होते. सकाळचा उत्साह, सावली, डांबरी रस्ता सगळं तिथेच. टेलला पोहोचेपर्यंत दुपार होते आणि ‘पुढे असंच आहे’ म्हणून गाडी वळते. परिणामी ज्या भागात पाण्याचा वाद सर्वात जास्त, तिथलाच नकाशा सर्वात कच्चा राहतो. म्हणून टेलकडून चालायला लागा.

चालायचं दोनदा. एकदा कालवा बंद असताना, एकदा आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्याला ठरलेल्या फेरीचं पाणी सुटलेलं असताना. कोरड्या कालव्यात दाराचा पाइप, त्याचा व्यास, फुटलेलं अस्तर, चारीच्या तोंडाशी टाकलेली दगड-माती हे दिसतं. पाणी चालू असताना दिसतं ते वेगळंच: कोणत्या दारातून खरंच पाणी जातं, कुठे भराव फोडून घेतलंय, कुठे सायफनचे पाइप टाकलेत, कुठे कालव्यात मोटार सोडली आहे. अनधिकृत जागांची नोंद करताना ‘अनौपचारिक उचल’ एवढंच लिहा, नाव घालू नका. तुम्ही पंचनामा करायला गेलेला नाहीत. एकदा का गावात तसा समज पसरला की पुढच्या चारीवर तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

सोबत पाटकरी (कालव्याची दारं सांभाळणारा माणूस) असेल तर फारच उत्तम. निवृत्त पाटकरी भेटला तर त्याहून उत्तम, कारण त्याला आता कुणाची भीड नसते. प्रश्न सरळ विचारा: “मामा, ह्या दाराचं पाणी शेवटी कुणाच्या रानात जिरतं?” “मागच्या उन्हाळ्यात इथवर पाणी आलं होतं का?” ‘ही चारी चालू आहे का?’ असं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असतं.

प्रत्येक दारापाशी मोबाइल एका जागी धरून मिनिटभर थांबा, ॲपवर अचूकतेचा आकडा ५ मीटरच्या आत आला की मगच बिंदू घ्या. ओडीके कलेक्ट, क्यूफिल्ड, एसडब्ल्यू मॅप्स यांपैकी काहीही चालतं आणि तिन्ही नेटशिवाय काम करतात. लिंब-बाभळीच्या दाट सावलीत आकडा खाली येत नाही. अशा वेळी उघड्यावर बिंदू घ्या आणि ‘दार येथून पूर्वेला १२ पावलं’ अशी नोंद करा.

फोटो काढा, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. त्यात दडलेली स्थानाची माहिती वाटेत गळून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

चारीची लांबी मोबाइलच्या मार्गरेषेवरून मोजू नका. तुम्ही बोलायला थांबता तेव्हाही जीपीएसचा बिंदू इकडेतिकडे सरकत असतो आणि रेषेला गुंता पडतो, लांबी फुगते. मार्गरेषा खाली ठेवून तिच्यावरून हाताने साधी रेषा काढा. मग कालव्यावरची साखळी (कालव्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहिलेली ठिकाणं, म्हणजे पूल, धबधबा, दरवाजे, यांच्याशी लांबी ताडून बघा. साखळीत आणि तुमच्या रेषेत मोठी तफावत आली तर बहुतेक वेळा एखादं वळण सुटलेलं असतं.

पायरी ४: रेषेला दिशा असते

कालव्याची रेषा पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने काढा. ओपनस्ट्रीटमॅपचा नियमही हाच आहे. उलटी काढलेली रेषा डोळ्याला दिसत नाही, पण ‘या दाराखाली किती क्षेत्र’ असं संगणकाला विचारलं की उत्तर उलटं येतं.

दुसरी गोष्ट जोडांची. चारी जिथे लघुवितरिकेला मिळते तिथे दोन्ही रेषांचा बिंदू एकच हवा. पडद्यावर चिकटलेल्या दिसतात, मोठं करून पाहिलं तर अर्धा मीटर फट असते. क्यूजीआयएसमध्ये ‘स्नॅपिंग’ चालू ठेवून काढलं तर हे टळतं, आणि शेवटी ‘टोपोलॉजी चेकर’ चालवला की राहिलेल्या फटी सापडतात.

आणि जिथे जोड नको तिथे तो लावू नका. कालवा ओढ्यावरून जलसेतूने जातो किंवा ओढा कालव्याखालच्या मोरीतून जातो, तिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात पण पाणी मिसळत नाही. नवखा तिथे हटकून बिंदू जोडतो. मग नकाशाच्या हिशेबात फाट्याचं सगळं पाणी ओढ्यात आणि तिथून सीनेत! जिथे कालव्यातून जादा पाणी मुद्दाम नाल्यात सोडायची सोय असते तिथे मात्र जोड खरा असतो, म्हणून अशी प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहूनच ठरवा.

दिशा ठरवायला उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचा आधार घेऊ नका. फुकट मिळणारी ही माहिती ३० मीटरच्या चौकोनांची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. कालव्याचा तळ किलोमीटरमागे उतरतो तो सेंटिमीटरमध्ये. मोबाइल दाखवतो ती उंची तर विचारातच घेऊ नका. शंका असेल तिथे लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावा, नाहीतर पाणी सुटेपर्यंत थांबा.

पायरी ५: गट आणि दार यांची सोयरीक

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा.

गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकला की जुळत नाही, सरकलेला किंवा किंचित फिरलेला दिसतो. तो जुळवायला पक्क्या खुणा लागतात: तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी विहीर, गाडीवाटेचा तिठा, ओढ्याचं न बदललेलं वळण. नकाशाभर पसरलेल्या निदान आठ-दहा खुणा घ्या, एका कोपऱ्यात गोळा करू नका. त्यातल्या दोन-तीन जुळणीत न वापरता बाजूला ठेवा आणि शेवटी त्यांवरच तपासा. तिथे चूक १०-१५ मीटरच्या आत असेल तर पाणी वाटपाच्या कामाला पुरेशी आहे. बांधाच्या भांडणात मात्र हा नकाशा कुणाला दाखवू नका. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आहे.

पुढची अडचण पोटहिश्शांची. सातबाऱ्यावर ११२/२/अ असतं, गावनकाशात नुसता ११२. जागेवर तीन भावांच्या तीन पट्ट्या आणि त्यातल्या दोघांनाच चारीचं पाणी. इथे अंदाजाने रेषा मारू नका. गटाची बाहेरची हद्द तेवढी ठेवा आणि तक्त्यात पोटहिस्से वेगवेगळ्या ओळींत लिहा. प्रत्येकापुढे दार क्रमांक, पाणी कसं येतं आणि किती आर, एवढं असलं की झालं. एका गटाला दोन दारांतून पाणी येत असेल तर दोन ओळी. एकाच रकान्यात ‘३, ४’ असं लिहिलेलं नंतर कुणालाच वाचता येत नाही, संगणकाला तर नाहीच.

पाण्याच्या मार्गासाठी मोजके पर्याय आधीच ठरवून घ्या: थेट चारीने, शेजाऱ्याच्या रानातून, कालव्यावरून उपसा, विहिरीत सोडून मग मोटारीने, येत नाही. ‘येत नाही’ हा पर्याय ठेवायला लोक कचरतात, कारण कागदावर ते क्षेत्र लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याचं पाणी मिळायच्या क्षेत्रात, असतं. पण तोच रकाना टेलच्या माणसाच्या सगळ्यात उपयोगाचा आहे.

चारीच्या स्थितीचंही तसंच. चालू, अर्धवट बुजलेली, पूर्ण बुजलेली, फक्त कागदावर. बुजलेली चारी नकाशातून पुसू नका, स्थिती बदला. उद्या ती पुन्हा उकरायची ठरली तर पुरावा तोच असतो.

आणि एकक जपा. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणं एकर-गुंठ्यांत. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, त्यामुळे तेवढी सरमिसळ चालून जाते. घोळ होतो तो ‘दीड’ म्हणजे दीड एकर की दीड हेक्टर यात.

पायरी ६: मग उपग्रह

सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपली जाते. त्याचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे बरोबर १ आर. हे लक्षात ठेवलं की चित्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. दोन एकरांचा सलग ऊस छान दिसतो. पण वाटणीतली २० मीटर रुंदीची पट्टी असेल तर तिच्या आत पूर्ण मावणाऱ्या चौकोनांची जेमतेम एक रांग निघते, बाकीचे चौकोन बांधाचे आणि शेजाऱ्याचे. अशा पट्टीबद्दल उपग्रहाच्या भरवशावर काही बोलू नका.

हिरवेपणाचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, एका दिवसाचा बघू नका. आवर्तनाच्या आधीचा आणि पाणी बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांचा, असा जोडीने बघा. मार्च ते मे हा सर्वात बोलका काळ. ज्वारी निघालेली असते, पाऊस नसतो, आभाळ बहुधा मोकळं असतं आणि जे हिरवं आहे ते कुणीतरी पाणी देऊनच राखलेलं असतं. तरीही कालवा की विहीर हे चित्र सांगणार नाही. त्याला पायरी ५ चा तक्ताच लागतो.

एक खास सोलापुरी फसगत सांगून ठेवतो. वेडी बाभूळ भर उन्हाळ्यात हिरवीगार असते. बंद पडलेल्या चारीत ती माजली की चित्रात तिथे सुंदर हिरवी रेषा उमटते, आणि नवखा म्हणतो, बघा, चारी चालू आहे.

पायरी ७: पाण्याचा हिशेब लावून बघा

नकाशा खोटं बोलतोय का हे आकडेमोडीने चटकन कळतं. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दार २४ तास पूर्ण चाललं तर सुमारे २,४४७ घनमीटर पाणी होतं. एका पाळीला शेतात ८ सेंटिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी ८०० घनमीटर लागतात, म्हणजे दिवसाला तीन हेक्टर. सात दिवसांत २१ हेक्टर, आणि तेही चारीत थेंबही न मुरता, रात्री दारं धरायला माणूस हजर असताना.

आता तुमच्या नकाशात याच दाराखाली एका आठवड्याच्या पाळीत ५० हेक्टर भिजलेले दिसत असतील तर एक नक्की: दाराचा विसर्ग चुकीचा लिहिलाय, दुसऱ्या दाराचे गट इथे पडलेत, किंवा विहिरीवरचं रान कालव्याच्या खात्यात गेलंय. परत जा आणि पाहा.

पायरी ८: प्रत्येक नोंदीला तारीख

उजनीचा स्वतःचाच काठ बघा. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत (वापरता येणारा) साठा ५३.५७ टीएमसी, बाकीचा मृत, म्हणजे तळाचा. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो तेव्हा पाणी मृत साठ्यात उतरलेलं असतं आणि मागे सरकलेल्या काठावर गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणी, चालू असते. ऑक्टोबरमधला काठ आणि मेमधला काठ यांत कोसाचा फरक पडू शकतो. तारीख न लिहिता काढलेली जलाशयाची हद्द खरी की खोटी हे ठरवताच येत नाही. भीमा-सीनेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तेच. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकले की मागे लांबवर पाणी, काढले की नुसती नदी.

म्हणून प्रत्येक बिंदू, रेषा आणि तक्त्याच्या ओळीला चार गोष्टी चिकटवा: तारीख, कुणी पाहिलं, कशावरून (जागेवर, चित्रावरून, कागदावरून, सांगण्यावरून), आणि अचूकता. ‘सांगण्यावरून’ लिहायला लाजू नका. नोंद रिकामी असण्यापेक्षा ते बरं, आणि पुढच्या वेळी कुठे जायचं तेही कळतं. जुनी नोंद खोडून नवी लिहू नका, नवी ओळ वाढवा.

रब्बीचं आणि उन्हाळ्याचं आवर्तन संपलं की नकाशाची मोठी छापील प्रत काढा आणि संस्थेच्या सभेत भिंतीवर लावा, शेजारी लाल पेन बांधून ठेवा. मोबाइलवर नकाशा दाखवला तर लोक मान डोलावतात, कागदावर स्वतःचा गट चुकीचा दिसला की भांडायला उठतात. हेच भांडण तुम्हाला हवंय. लाल खुणांपैकी दोन शेजाऱ्यांचं एकमत असलेल्या लगेच दुरुस्त करा, बाकीच्यांसाठी जागेवर जा.

कालवे, फाटे, जलसेतू ओपनस्ट्रीटमॅपवर जरूर टाका, पण स्वतः पाहिलेले. गूगलच्या नकाशावरून उचलून तिथे टाकायला परवानगी नाही. शेतकऱ्याचं नाव, थकबाकी, कुणाची मोटार कुठे आहे, हा तक्ता संस्थेच्या दप्तरातच वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सार्वजनिक नकाशात फक्त दार क्रमांक जाऊ द्या.